पावसाला कान नसतात, बाजाराला असतात

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वहीची चार पानं भरून लिहिलंय, मी थोडं आखडून देतो.

"आमचं साडेसात एकर कोरडवाहू वावर. त्यातली माझ्या नावावरची पाऊण एकर रस्त्यात गेली, त्याचे चौदा लाख रुपये मागच्या महिन्यात माझ्या खात्यात जमा झाले. मुलगा चोवीस वर्षांचा, बी.कॉम. झाला, नोकरी नाही. दिवसभर मोबाइलवर शेअर बाजाराच्या लाल-हिरव्या काड्या पाहत बसतो. टेलिग्रामवर कोणी 'सर' आहेत, त्यांचा अंदाज म्हणे चुकतच नाही. आठ महिन्यांत त्याचे एक लाख बासष्ट हजार गेले. त्यातले चाळीस हजार मित्राकडून उसने आहेत. त्याच्या बाबांना अर्धेच माहीत आहेत. आता म्हणतो, 'आई, पाच लाख दे, वर्षात दुप्पट करतो.' बाबा म्हणतात, 'हा निरा मटका हाय, या घरात चालनार नाही.' मंग तो म्हणतो, 'तुमी कापूस दाबून ठेवला होता तो काय होता?' कारण २०२२ च्या डिसेंबरात यांना व्यापारी दारात ८,६०० देत होता. अडतीस क्विंटल कापूस यांनी घरात भरला. जूनमध्ये ७,०५० ने गेला, काट्यावर भरला छत्तीस क्विंटल चाळीस किलो. सात महिने त्या कापसाशेजारी आम्ही अंग खाजवत झोपलो ते वेगळंच. टीव्हीवर एक म्हणतो मंदी येणार, दुसरा म्हणतो बाजाराला आता थांबणं नाही. कोणाचं खरं मानू? मुलगी बारावीत आहे, तिला नर्सिंगला जायचं आहे. बाजार वर जाईल की खाली, तेवढं सांगा. आणि यंदाचा कापूस किती दिवस ठेवायचा तेही सांगा."

ताई, बाजार वर जाईल की खाली, मला माहीत नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल.

मी तुमच्याच जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायच्या कारखान्यात, सोळा वर्षं हिशेब लिहिला. सकाळी मुंबईहून रुईचा भाव यायचा, मग सरकीचा भाव विचारायचा, आणि मालक गेटवरच्या पाटीवर खडूने त्या दिवसाचा कापसाचा भाव लिहायचा. त्या पाटीसमोर उभ्या असलेल्या माणसांत पुढच्या महिन्याचा भाव माहीत नाही असा एकही नसायचा. बंडीवाल्याला माहीत, मापाऱ्याला माहीत, चहावाल्या पोऱ्यालाही माहीत. मालकाला तर सगळ्यांत जास्त माहीत, कारण त्याच्याकडे मुंबईचे तीन दलाल आणि गुजरातच्या दोन गिरण्यांचे फोन. त्या भरवशावर एका हंगामात त्याने चारशे गाठी विकल्या नाहीत. पावसाळा लागला तरी गाठी गोदामात. शेवटी ज्या भावाने गेल्या तो आकडा मीच वहीत लिहिला आणि त्या संध्याकाळी मालक माझ्याशी एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पाटीसमोर उभा राहून पुन्हा पुढच्या महिन्याचा भाव सांगत होता.

आता तुमच्या घरातल्या भांडणाचा हिशेब मांडू. अडतीस क्विंटल गुणिले ८,६०० म्हणजे ३,२६,८००. प्रत्यक्ष हाती आले छत्तीस क्विंटल चाळीस किलोचे, ७,०५० ने, २,५६,६२०. भाऊसाहेबांचा, म्हणजे मुलाच्या बाबांचा, अंदाज सत्तर हजारांना पडला, आणि त्यात वाळून गेलेली तूटही आली. मुलाचा पडला एक लाख बासष्ट हजारांना. मुलगा अगदीच चुकीचं बोलत नाही. दोघांनीही एकच काम केलं, पुढचा भाव आपल्याला कळतो असं मानून पैसा अडकवला. फरक एवढाच की बाबांचा अंदाज चुकला तरी खोलीत कापूस होता, त्याचे अडीच लाख आले. मुलाच्या मोबाइलमध्ये काही उरलं नाही. तो फरक लहान नाही, त्याकडे पुढे येतो.

पण त्या साली बाबा चुकले कुठे? २०२१-२२ चा हंगाम आठवा. दिवाळीच्या सुमारास सात-आठ हजारांनी कापूस गेला, संक्रांतीला दहा हजार झाला, आणि एप्रिल-मेमध्ये बारा हजारांच्या वर. ज्यांनी आधी विकला ते हळहळले, ज्यांनी ठेवला त्यांच्या दारात नवीन मोटरसायकल आली. गावागावात एकच धडा पाठ झाला, की कापूस ठेवायचा असतो. पुढच्या हंगामात सगळ्यांनी ठेवला. तुमच्याच घरी नाही, यवतमाळपासून जळगावपर्यंत घराघरांत कापूस छताला लागला. व्यापाऱ्याला काय दिसत होतं? माल कुठे गेलेला नाही, घरात आहे, आणि पेरणीच्या तोंडाशी बियाण्या-खतासाठी हा विकणारच आहे. मग त्याने घाई कशाला करावी? तिकडे न्यूयॉर्कच्या वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांत, मे २०२२ मध्ये पौंडाला दीडशे सेंटच्या वर गेलेली रुई ऑक्टोबरअखेर सत्तरीच्या घरात आली होती. बाबांनी गेल्या वर्षीचं उत्तर बरोबर पाठ केलं होतं. पण तेच उत्तर सगळ्यांनी पाठ केलं आणि त्यामुळेच ते चुकलं.

पाऊस असं करत नाही.

पावसाचा अंदाजही चुकतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. २००९ साली हवामान खात्याने एप्रिलमध्ये सरासरीच्या ९६ टक्के पाऊस सांगितला होता, पडला ७८ टक्के. तिकडे बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला वावरात घट मांडतात, भोवती धान्यं ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धान्य कुठे सरकलं, पुरी आहे का, पानविडा हलला का, यावरून पाऊस, पीक आणि राजाचं भाकीत सांगतात. खातं चुको की घट चुको, पावसाला मात्र त्यातलं काहीच ऐकू येत नाही. पुण्यातून कोणी १०५ टक्के म्हणालं म्हणून ढग मागे फिरत नाही. म्हणून पावसाचा अंदाज यंत्रांनी, उपग्रहांनी, अभ्यासाने हळूहळू सुधारू शकतो, आणि चार दिवसांपुरता तर बराच सुधारलाही आहे.

बाजाराला सगळं ऐकू येतं. समजा उद्या सकाळी पक्की बातमी आली की मेमध्ये कापूस दहा हजार होणार. अगदी पक्की. तर आज आठ हजाराने बंडी कोण सोडेल? कोणीच नाही. व्यापारीही मेपर्यंत थांबणार नाही, तो आजच साडेनऊ द्यायला तयार होईल. म्हणजे मेमध्ये येणारी वाढ आजच येऊन गेली, आणि मेमध्ये काय होणार हे पुन्हा कोणालाच माहीत नाही. शेअरचंही तेच. कंपनीला पुढच्या वर्षी नफा होणार ही गोष्ट तुमच्या मुलाच्या मोबाइलवर येईपर्यंत मुंबईतल्या हजार माणसांनी आणि त्यांच्या संगणकांनी वाचलेली असते आणि ती भावात मुरलेली असते. आता भाव हलणार तो अजून कोणालाच माहीत नसलेल्या गोष्टीने. आणि माहीत नसलेली गोष्ट टेलिग्रामवर कशी येईल?

शिवाय भाव वाढल्याचं सरकारलाही ऐकू येतं. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या पार गेलं होतं, तुम्हीही पाहिलं असेल. कोंबडीखाद्यवाले ओरडले, सरकारने बारा लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, आणि आपलं नवीन सोयाबीन निघेपर्यंत भाव पाच हजारांच्या आसपास. कापूस वाढला तेव्हा एप्रिल २०२२ मध्ये आयातशुल्क काढलं. ऑगस्ट २०२५ मध्ये तर भाव फार वाढलेला नसतानाही ११ टक्के शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. आता मला सांगा, पीक, पाऊस, बोंडअळी, न्यूयॉर्क हे सगळं अचूक ओळखणारा माणूस जरी मिळाला, तरी दिल्लीत कोणत्या मंगळवारी कोणता कागद निघेल हे त्याला कोण सांगणार?

आपल्या मुलखाचीच एक जुनी गोष्ट सांगतो, कारण कापूस आणि शेअर बाजार हे भांडण तुमच्या घरात नवीन नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर तुटून पडल्या. वऱ्हाडातला आणि हिंगणघाटचा कापूस सोन्याच्या भावाने मुंबईला जाऊ लागला. तो पैसा मुंबईत मावेना. मग बँका निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या, आणि त्यांच्या शेअरसाठी माणसं रांगा लावू लागली. सगळ्यांत मोठा खेळाडू प्रेमचंद रायचंद, कापसाचाच व्यापारी. लिव्हरपूलची खबर बंदरात पोचायच्या आधी मिळावी म्हणून त्याची माणसं होडी घेऊन समुद्रात जहाजाला गाठत, असं सांगतात. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं. कापूस कोसळला, मागून शेअर कोसळले, आणि १ जुलै १८६५ हा दिवस मुंबईत काळा दिवस ठरला. २,८५० रुपयांना गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ रुपयांना विकला गेला. प्रेमचंदही बुडाले. बरे दिवस असताना आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला, तो तेवढा राहिला. युद्ध कधीतरी संपणार हे त्या वेळी लहान पोरालाही माहीत होतं. कधी, ते ठाऊक नव्हतं, आणि सगळा पैसा त्या 'कधी'वर लावलेला होता.

बरं, टीव्हीवरचे साहेब अर्थव्यवस्थेचं बोलतात, 'ग्रोथ' वाढणार, मंदी येणार. समजा ते बरोबर निघाले. तरी तुम्हाला काय उपयोग? २३ मार्च २०२० ला लॉकडाऊनच्या धसक्याने सेन्सेक्स एका दिवसात तेरा टक्के पडून २६,००० च्या खाली बंद झाला. त्या संध्याकाळी कोणी तुमच्या हातात ३१ ऑगस्टची बातमी आणून दिली असती, की एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पन्न जवळजवळ चोवीस टक्क्यांनी घटलं आहे, तर तुम्ही काय केलं असतं? होतं नव्हतं ते विकलं असतं. मी तर नक्की. आणि त्या ३१ ऑगस्टला सेन्सेक्स होता ३८,००० च्या वर. अर्थव्यवस्थेचा अंदाज शंभर टक्के बरोबर, आणि तरी बाजारात नुकसान.

त्यातही गंमत अशी की अर्थव्यवस्थेचं काय होणार हे सोडा, काय झालं हेही लवकर कळत नाही. आपल्या गावची पैसेवारी, म्हणजे पीक कसं आलं त्याचा सरकारी आकडा, कशी निघते ते तुम्हाला माहीत आहे. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. सोयाबीन कापून, मळून, विकून झालेलं असतं आणि कागदावर अजून पन्नास पैशांच्या वर की खाली यावर बैठका चालतात. देशाच्या उत्पन्नाच्या आकड्याचंही तसंच असतं. पहिला अंदाज, दुसरा, मग सुधारित, आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा सुधारित. मागचा हंगाम कसा गेला हेच ठरायचं असताना पुढच्याचं कोण छातीठोक सांगणार? टीव्हीवर छातीठोक बोलतो त्यालाच बोलावतात, ही वेगळी गोष्ट. 'मला माहीत नाही' म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा कोण बोलावेल! २०२४ च्या लोकसभेच्या वेळी एक्झिट पोल आले आणि ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला. ४ जूनला निकाल लागला आणि जवळजवळ ४,४०० अंकांनी पडला. त्याच शुक्रवारी परत ३ जूनच्याही वर. पाच दिवसांत तीनदा पारडं फिरलं आणि दर वेळी कोणीतरी पडद्यावर बसून हे असंच होणार होतं म्हणून सांगत होतं.

आता त्या टेलिग्रामच्या 'सरां'कडे येऊ. त्यांचा अंदाज चुकत नाही, हे कसं जमतं? मी त्यांना ओळखत नाही, पण ही युक्ती फार जुनी आहे. आठशे नंबर घ्या. चारशेंना कळवा बाजार उद्या वाढणार, चारशेंना कळवा पडणार. वाढला, तर पडणार म्हटलेले चारशे सोडून द्या. उरलेल्यांत पुन्हा दोनशे-दोनशे. पाच दिवसांनी पंचवीस माणसं अशी उरतात ज्यांनी 'सरां'चा एकही अंदाज चुकलेला पाहिला नाही. ते पंचवीस जण जीव टाकतात, फी भरतात, आणि गावभर सांगत सुटतात. बाकीचे सातशे पंचाहत्तर कोणाशी काही बोलत नाहीत. मुलाला एवढंच विचारा की या 'सरां'चा सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नोंदणी क्रमांक काय. शेअरचा सल्ला पैसे घेऊन द्यायला ती नोंदणी लागते, सेबीच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं, आणि नोंदणी असलेल्या माणसाला 'दुप्पट करून देतो' अशी हमी देताच येत नाही. जो हमी देतो तो त्या हमीनेच ओळखू येतो.

आणि मुलगा शेअर घेत नसावा, ऑप्शन घेत असावा. आठ महिन्यांत एवढे पैसे साध्या शेअरमध्ये सहसा जात नाहीत. ऑप्शन म्हणजे काय, ते इसाराच्या भाषेत सांगतो. तुम्ही एका प्लॉटचा पन्नास हजार इसार दिला, आठ दिवसांची मुदत. आठ दिवसांत त्या प्लॉटचा भाव वाढला तर फायदा. नाही वाढला, किंवा नवव्या दिवशी वाढला, तर प्लॉटही नाही आणि इसारही गेला. म्हणजे वर की खाली एवढं ओळखून भागत नाही, कोणत्या दिवसापर्यंत तेही ओळखावं लागतं. जी एक गोष्ट कोणालाच जमत नाही, तिच्यावर घड्याळ लावून पैसा लावायचा. सेबीने स्वतः हिशेब काढला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक सौदेकऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात, मिळून एक लाख ऐंशी हजार कोटींहून जास्त गेले. पुढच्या वर्षी ९१ टक्के. तेव्हा तुमचा पोरगा मूर्ख नाही, तो शंभरातल्या नव्वदांपैकी एक आहे. हे त्याला अशाच शब्दांत सांगा, त्याला बरं वाटेल आणि खरंही आहे.

पाच लाख देऊ नका. दोन लाखही नाही, 'शेवटचे पन्नास हजार'ही नाही. मित्राचे चाळीस हजार तुम्ही स्वतः मित्राला द्या, मुलाच्या हातून नको. आणि त्याच्या बाबांना पूर्ण आकडा सांगा. मला कळतं, यात भांडण होणार. पण अर्धा आकडा लपलेला आहे तोवर तो भरून काढायची घाई मुलाला राहणार, आणि त्या घाईतच पुढचा लाख जातो. बाबांनी आधी आपले सत्तर हजार मोठ्याने बोलून दाखवले तर मुलाचं बोलणं सोपं होईल, असं मला वाटतं. ते बोलतील की नाही हे तुम्हालाच माहीत. आणि मुलगा रात्री झोपत नसेल, पुन्हा लपवून उसने घेत असेल, जेवणावरून उठून मोबाइल बघत असेल, तर ते आता पैशाचं दुखणं राहिलेलं नाही. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलतात. लाजू नका.

एक प्रयोग त्याला करायला सांगा. तुमच्या भिंतीवर कॅलेंडर असेलच, दुधाचे खाडे मांडता तेच. रोज सकाळी नऊच्या आत त्याने त्या तारखेच्या चौकटीत एक बाण काढायचा, वर की खाली. पेनाने, पेन्सिलीने नाही. संध्याकाळी तुम्ही शेजारी बरोबर किंवा चूक एवढंच लिहायचं. दोन महिने. सौदा नाही, फक्त बाण. मोबाइलमधल्या चुका वर सरकून नाहीशा होतात, भिंतीवरच्या तिथेच राहतात. मी स्वतः हे २००८ साली करायला हवं होतं. त्या जानेवारीत एका कंपनीचा नवा इश्यू, म्हणजे शेअरची विक्री, निघाला आणि आमच्या जिनिंगमधल्या सगळ्यांनी भरला, म्हणून मीही बायकोच्या भिशीचे पैसे भरले. सेन्सेक्स तेव्हा २१,००० ला टेकला होता. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ८,००० च्या घरात. बायकोने त्यावर आजवर एक अक्षर काढलेलं नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

आता चौदा लाखांचं. तुमचं घर आधीच मोठ्या सट्ट्यात आहे, ताई. पाऊस, बोंडअळी, न्यूयॉर्क, दिल्ली, सगळं तुमच्या साडेसहा-पावणेसात एकरांवर लागलेलं आहे, आणि त्यातून बाहेर पडायचा पर्याय नाही. त्यामुळे हा पैसा असा ठेवा की त्याला कोणाचा अंदाज बरोबर निघायची गरजच पडू नये. कोणत्या महिन्यात किती लागणार हे आधी लिहा, ते मात्र तुम्हाला नक्की माहीत आहे. मुलीच्या कॉलेजातून फी आणि वसतिगृहाचा कागद मागवा. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं असतं, तर चार वेगवेगळ्या मुदतीच्या एफडी करा, प्रत्येक वर्षीची फी भरायच्या महिन्यात एक मोकळी होईल अशा. ढोबळ पाच लाख धरा, कागद आला की नीट करा. दोनेक लाख साध्या बचत खात्यात, शेतीच्या एका हंगामाचे. पीककर्ज असेल तर ते फेडून बंद करू नका. तीन लाखांपर्यंत वेळेवर भरलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत व्याज शून्यावर येतं. फक्त तारीख चुकवू नका. पाचेक लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत टाका, एका नावावर नऊ लाखांपर्यंत चालतात, दर महिन्याला व्याज खात्यात येतं आणि किराणा त्यात निघतो. बँकेत ठेवाल ते एका बँकेत पाच लाखांच्या वर जाऊ देऊ नका, कारण ठेवीचा विमा तेवढ्यालाच असतो. आणि अर्धा-एक टक्का जास्त देते म्हणून गावच्या पतसंस्थेकडे जात असाल तर थांबा, तो विमा पतसंस्थेला लागूच नाही.

उरले दोन लाख. ते बाजारात टाकायला माझी हरकत नाही, उलट टाका म्हणतो. भाऊसाहेबांना सांगा, शेअर बाजार मटका नाही. त्यामागे कारखाने आहेत, बँका आहेत, तुम्ही विकत घेता ते साबण-तेल बनवणाऱ्या कंपन्या आहेत, आणि त्यांच्या नफ्यातला वाटा मिळतो. मटका होतो तो मुदत लावल्याने. देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचा एकत्र निफ्टी इंडेक्स फंड असतो, त्यात तुमच्या नावाने महिन्याला आठ हजार, दोन वर्षं. कोणती कंपनी चांगली, आता घेऊ की थांबू, हे ओळखायची कटकट नाही. महाग असेल त्या महिन्यात कमी युनिट येतील, पडलेला असेल तेव्हा जास्त. दहा वर्षं त्याकडे बघायचं नाही. मधे कधीतरी ते निम्मे झालेले दिसतील, २००८ मध्ये त्याहून वाईट दिसले होते. त्या दिवशी मुलगा म्हणेल आणखी टाक, बाबा म्हणतील काढ. तुम्ही दोघांचंही ऐकू नका, खातं तुमचं आहे.

मुलाची आवड मात्र मोडू नका. त्याला आकडे वाचता येतात, घरात ते दुसऱ्या कोणाला येत नाहीत. सरकी, रुई, हमीभाव, खेडा खरेदीवाला किती देतो आणि दारव्ह्याच्या, यवतमाळच्या बाजारात हर्रास, म्हणजे लिलाव, कितीवर गेला, हे रोज त्याने वहीत लिहावं. सीसीआयला, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाला, कापूस द्यायची नोंदणी आता मोबाइलवर होते, तीही त्यानेच करावी. दिग्रसच्या व्यापाऱ्याने क्विंटलमागे दोनशे कमी दिले हे ज्याला त्याच दिवशी कळतं, त्याला पुढच्या महिन्याचा भाव कळला नाही तरी घरात त्याची किंमत राहते.

राहिला यंदाचा कापूस. किती दिवस ठेवायचा? पहिलं उत्तर तेच, मला माहीत नाही. पण आठ हजारांचा फंड जसा दर महिन्याला घ्यायचा, तसा कापूस तीन-चार वेळा करून विका. पहिल्या वेचणीचा वाळवून लगेच, ओलावा आठ टक्क्यांच्या आसपास असेल तर कटती लागत नाही, बाराच्या वर सीसीआय घेतच नाही. मग एक खेप संक्रांतीच्या आगेमागे, एक होळीला. सगळ्यांत चांगला भाव सगळ्या कापसाला मिळणार नाही, पण सगळ्यांत वाईटही मिळणार नाही. हंगामाचे दोन लाख खात्यात असले की पेरणीच्या तोंडाशी येईल त्या भावाने द्यावा लागणार नाही, आणि व्यापाऱ्यालाही ते कळतं.

ठेवाल तेवढा झोपायच्या खोलीत ठेवू नका. आणि ढीग लावायच्या आधी काट्यावर वजन करून आकडा भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या जूनमध्ये भांडताना तूट किती आणि तोटा किती हे तरी वेगळं काढता येईल.